आधी मे महिन्यातली माणसं मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोकळ्या जागेवर शेजाऱ्यांनी मिळून भाजीबाग कशी करावी, यावर पानभर मजकूर आला होता. वाचला आणि कापून ठेवला. माती, खत, वाफ्याची मापं, सगळं बरोबर आहे. उन्हाळ्याबद्दल मात्र त्यात एकच वाक्य आहे : ‘उन्हाळ्यात दोन वेळा पाणी द्यावे.’ कोणी द्यावे, ते लिहिलेलं नाही. हे पत्र त्या एका वाक्यापुरतं आहे.

मी एसटीत ३१ वर्षं काढली. त्यातली शेवटची १४ वाहतूक नियंत्रक म्हणून, म्हणजे स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून माइकवरून गाड्या पुकारणारा माणूस. निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीच्या खुल्या जागेत चौदा घरांनी मिळून भाजी लावायला सुरुवात केली. जागा चार गुंठे. यंदाचा आमचा चौथा उन्हाळा. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो आणि आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे आपल्या इथल्या वाचकांना सांगायला नको.

पहिल्या वर्षी आम्ही जूनमध्ये सुरू केलं. पाऊस आणि थंडी, दोघांनी लाड केले. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत वांगी, मेथी, टोमॅटो इतके निघाले की यात्रेला आलेल्या पाहुण्यांना पिशव्या भरून दिल्या. बारा वाफे होते, प्रत्येक दहा फूट बाय चार फूट. त्या भरात फेब्रुवारीत बाराच्या बारा वाफे आम्ही पुन्हा लावले. दहा मे रोजी त्यातले दोन जिवंत होते.

बोअर आटली म्हणून गेलं, असं सगळे म्हणाले. बोअर आटली हे खरं आहे. मार्च लागला की ती वीस मिनिटं चालते आणि मग नुसती हवा ओढते. पण ती आटणार हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर बादल्यांची पद्धत आधीच ठरवली होती. प्रत्येक घराने रोज पंधरा लिटरच्या दोन बादल्या आणून घालायच्या. तांदूळ-डाळी धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी, कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ‘शिळं’ पाणी. आमच्याकडे नळ आला की घरोघरच्या पिंपांतलं साठवलेलं पाणी त्या क्षणी शिळं होतं आणि मोरीत ओततात. चार दिवस जे प्यायलो, ते नव्या पाण्याची धार दिसताच एकदम नकोसं होतं. ही सवय मोडायला मी गेलो नाही. मोरीऐवजी वाफ्यात ओता, एवढंच म्हटलं. (आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी मात्र घेत नाही. त्यात क्षार जास्त. एका वाफ्यात दोन महिने घातलं, तर मातीवर पांढरा पापुद्रा आला आणि पालकाच्या पानांच्या कडा करपल्या.)

आता हिशेब पाहा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमचा वाफा पावणेचार चौरस मीटरच्या आसपास. मे महिन्यात झाड आणि माती मिळून दिवसाला सहा-सात मिलिमीटर सहज पितात, म्हणजे वाफ्याला रोज साधारण २५ लिटर. बारा वाफ्यांना ३००. आणि चौदा घरांच्या बादल्या होतात ४२० लिटर. म्हणजे कागदावर १२० लिटर शिल्लक!

ती शिल्लक कुठे गेली, हे मला तरी लगेच कळायला हवं होतं. चौदा उन्हाळे मी सुट्टीत बाहेर पडणाऱ्या लोकांसाठी जादा गाड्या सोडल्या. परीक्षा संपल्या की स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. कोणी माहेरी, कोणी गावी, कोणी लग्नाला, कोणी तुळजापूर-अक्कलकोट करून पुढे कोकणात. आमच्या चौदा घरांतली सहा घरं एप्रिलच्या अखेरीस बाहेर पडली आणि जाताना आपापल्या बादल्या घेऊन गेली. उरली आठ घरं, २४० लिटर. लग्नाच्या दाट तिथींच्या आठवड्यात पाचच घरं होती, १५० लिटर. माणूस काम करायला नाही हे आमच्या लक्षात आलं, पण त्याच्याबरोबर पाणीही गेलं हे लक्षात यायला उशीर झाला.

आणि मग आम्ही जी चूक केली ती भल्या मनाने केली. असेल ते पाणी बाराही वाफ्यांना थोडं थोडं वाटलं. कोणाचा वाफा सोडायचा? एकात ताईंनी लावलेली मिरची, दुसऱ्यात बँकेतल्या काकांचे टोमॅटो. वरवर पाणी मिळाल्यावर मुळं वरच राहिली. दुपारी वरची दोन इंच माती तव्यासारखी तापते, तिथेच ती भाजून निघाली. सहा गाड्यांचं डिझेल बारा गाड्यांत वाटलं तर एकही गाडी पंढरपूरला पोचत नाही. मला हे कळत नव्हतं असं नाही, पण भाजीच्या बाबतीत सुचलं नाही.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही उलट्या बाजूने मोजतो. संक्रांतीला तिळगूळ द्यायला एकमेकांकडे जातो, तेव्हा माझी वहीही बरोबर फिरते. ‘उन्हाळ्यात कोण काम करणार?’ असं मी विचारत नाही. त्याला सगळेच हो म्हणतात, आणि म्हणताना ते खोटं बोलत नसतात. मी फक्त रजा लिहून घेतो. १५ एप्रिल ते १५ जून या काळात कोण कधी नाही, तारखा सांगा. लग्न, गाव, लेकीचं बाळंतपण, गुडघ्याचं ऑपरेशन, काय असेल ते. रजा मागायला कोणाला संकोच वाटत नाही. मग ज्या आठवड्यात सर्वांत कमी घरं शिल्लक, तो आठवडा धरायचा. यंदा तो मेचा दुसरा आठवडा आहे, सात घरं. सात घरांच्या बादल्या २१० लिटर, त्यात आठ वाफे बसतात. एक घर ऐनवेळी आजारी पडणार असं गृहीत धरून सातच ठेवले. एसटीत याला ‘स्पेअर’ म्हणतात. प्रत्येक डेपोत रोज दोन-चार माणसं स्पेअर बसलेली असतात, आणि लोकांना वाटतं ती रिकामी आहेत.

उरलेले पाच वाफे पाडव्याच्या आत मिटवायचे. या गोष्टीवर दर वर्षी वाद होतो. रिकामे वाफे दिसायला वाईट दिसतात, लोक काय म्हणतील, सोसायटीचे चेअरमन काय म्हणतील. खरं तर ते रिकामे नसतातच. फाल्गुनात कडुनिंब आणि पिंपळ पानं गाळतात. सोलापुरात या दिवसांत सकाळी फिरायला निघालं की दर शंभर पावलांवर कोणीतरी पानांचा ढीग पेटवून बसलेलं दिसतं. ती पानं आम्ही मागून आणतो. पाच वाफ्यांत गुडघाभर भरतो, मध्ये मध्ये शेणाचा काला शिंपडतो. जूनमध्ये वळीव होऊन गेला की खाली काळी भुसभुशीत माती तयार असते. चालू वाफ्यांवरही तीन-चार बोटं पानांचं आच्छादन लागतंच, त्याने पाणी देण्यात एका दिवसाचं अंतर पडू शकतं. उसाचं पाचट आमच्या जिल्ह्यात हवं तेवढं मिळतं, आणि पहिल्यांदा आम्ही तेच आणलं होतं. पण कोरडं पाचट आमच्या जागेत वाळवीला आमंत्रण ठरलं. वापरायचं तर आधी भिजवून, थोडं कुजवून.

लावायचं काय, यावर आपल्या लेखात लांब यादी आहे. मी तीतले टोमॅटो खोडतो. रात्रीसुद्धा हवा गरम राहायला लागली की टोमॅटोची फुलं गळतात. झाड हिरवंगार दिसतं, पाणी पितं आणि फळ देत नाही. असा माणूस मी ड्युटीवर कधी घेतला नसता. मेथी-कोथिंबीर एप्रिलनंतर जुन्या साड्या बांधून केलेल्या सावलीतच, तीही हातभर जागेत. भेंडीचं बी गड्डा उठला की रात्रभर भिजत घालायचं. आम्ही परभणी क्रांती लावतो, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं जुनं वाण, केवड्यापुढे बऱ्यापैकी टिकतं. केवडा म्हणजे भेंडीची पानं पिवळी, शिरा आणखी पिवळ्या, आणि फळ पांढरट निबर. पांढरी माशी तो पसरवते. एखादं झाड तसं दिसलं की हळहळ न करता उपटायचं. गवार मात्र उन्हाची लेक आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुधी-दोडक्याने आम्हाला एक उन्हाळा चांगलंच चकवलं. मांडवभर फुलं, फळ एक नाही. कडक उन्हात वेलीला नरफुलं जास्त येतात, मादीफुलं थोडी. त्यातून दुधी आणि दोडका दोन्ही संध्याकाळी फुलणारे, तेव्हा आमच्या बागेत मधमाशी नावालाही नसते. आता चौथ्या मजल्यावरची आठवीतली मुलगी संध्याकाळी टॉर्च घेऊन उतरते, नरफूल तोडून मादीफुलावर फिरवते आणि वहीत लिहून ठेवते. मागच्या मेमध्ये तिने लिहिलेल्या एकोणीस फुलांपैकी अकरा दुधी झाले. ती गावी गेली त्या आठवड्यात एकही नाही. यंदा तिची रजा मी सर्वांत आधी लिहून घेतली आहे.

माठांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा माठ पाणी हळूहळू पाझरतो आणि मुळं त्याच्याकडे येतात. दोन-तीन दिवसांतून एकदा भरला की झालं. आम्ही हुशारी केली. घरोघरी नवा माठ आला की जुना अडगळीत जातो, तसले नऊ माठ गोळा करून पुरले. पाणी हलेनाच. आमच्या बोअरच्या जड पाण्याने त्यांची छिद्रं केव्हाच बुजली होती. पाणी त्यात गार व्हायचं थांबलं होतं, म्हणूनच तर लोकांनी ते काढले होते! आठ दिवसांत आत डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या. नवे घ्यायचे तर वर्गणीचा प्रश्न. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी तोड काढली. ‘अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान देतात, तो यंदा बागेला द्या.’ त्या वर्षी आठ माठ आले, आणि एकाही घराने हे जास्त होतंय असं म्हटलं नाही. वर झाकण म्हणून फुटकी कौलं ठेवतो.

आता माणसांकडे वळतो. आमच्या सोसायटीच्या मागे जुनी चाळ आहे. तिथे घरी विड्या वळणाऱ्या, तेलुगू बोलणाऱ्या बायका राहतात. सुरुवातीला आम्ही बागेची सभासद फी ५०० रुपये ठेवली होती, त्यामुळे चाळीतलं कोणी सभासद नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात बारातले जे दोन वाफे वाचले, ते कुंपणाला लागून होते. तिथे चाळीतल्या एक अक्का रोज सकाळी आपल्या मोरीचं पाणी पलीकडून ओतत होत्या, हे मला पुढे दोन महिन्यांनी कळलं. न सांगता, न विचारता. ‘सुकत होतं, म्हणून ओतलं,’ एवढंच त्या म्हणाल्या.

मे महिन्यात गावात कोण उरतं, याचा विचार मी तोवर केला नव्हता. ज्यांना सुट्टीवर जाणं परवडतं ते जातात. विड्यांना सुट्टी नसते. ज्यांच्या भरवशावर उन्हाळी बाग उभी राहू शकते त्यांनाच आम्ही ५०० रुपयांच्या फाटकाबाहेर ठेवलं होतं. आता फी नाही. आताच्या चौदात चाळीतली चार घरं आहेत आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यातल्या त्या सात घरांत ही चारही आहेत. सभेत एका गृहस्थांनी विचारलं, सोसायटीची जागा बाहेरच्यांना कशी? मी त्या गृहस्थांच्याच बादल्यांचा हिशेब वाचून दाखवला. त्यांच्या दोन बादल्या एप्रिल ते जूनमध्ये नऊ दिवस आल्या होत्या.

अक्कांनी आणखी दोन गोष्टी शिकवल्या. अंबाडी आम्ही लावलीच नव्हती. त्यांच्याकडे तिला गोंगुरा म्हणतात आणि तिच्यावाचून त्यांचं जेवण होत नाही. उन्हात ती इतर पालेभाज्यांसारखी मान टाकत नाही. वरून खुडली की खालून फुटते. दुसरी घोळ. मी ती आठवड्याला उपटून कुंपणाबाहेर टाकत होतो, तण म्हणून. ‘अण्णा, हे टाकून देता होय?’ अक्का म्हणाल्या आणि ओटीभर गोळा करून घेऊन गेल्या. पाणी न घालता, बी न पेरता, मिटवलेल्या वाफ्यांच्या कडेने ती पसरते. मुगाची डाळ घालून केलेली घोळीची भाजी आता आमच्या घरीही होते, आणि मी तिला तण म्हणायचं सोडलं आहे. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र इंग्रजांच्या काळापासून आहे. थोड्या पाण्यात काय येतं हे शोधायला शास्त्रज्ञ या गावात आले, आणि आम्ही इथलेच लोक बी आणायला गेलो की ब्रोकोलीच्या पाकिटाकडे बघत उभे राहतो.

पाण्याइतकंच तोडणीकडेही दुर्लक्ष होतं. उन्हाळ्यात भेंडी एका दिवसाआड तोडावी लागते. तिसऱ्या दिवशी ती निबर, आणि चार निबर भेंड्या झाडावर राहिल्या की झाडाला वाटतं आपलं काम झालं. पण सामूहिक बागेत तोडायला हात धजावत नाही. सगळ्यांची आहे, मी एकट्याने कशी नेऊ? सभ्यपणाने भाजी झाडावर वाळते. म्हणून आमचा नियम असा : ज्याची सकाळची पाळी, त्याने तयार असेल ते सगळं तोडायचंच. आधी आपल्या घरापुरतं घ्यायचं, बाकीचं फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवायचं. बादली ओतणारा त्यातून घेतो. जूनमध्ये गावाहून परतून ‘आमचा वाटा?’ विचारणारे पहिल्या वर्षी तिघे होते, गेल्या वर्षी एक. यंदा कोणी विचारलं तर त्याला मी ऑगस्टमधली वांगी दाखवणार आहे.

पाळ्या खडूने फळ्यावर लिहितो. मोबाइलवर आमचा ग्रुप आहे. ‘आज वाफा ४ ला पाणी हवं’ असं टाकलं की अकरा अंगठे येतात आणि वाफा ४ तसाच राहतो. फळ्यावर घराचा नंबर असतो आणि येता-जाता सगळे तो वाचतात. पाळी पहाटे साडेपाच ते सात. संध्याकाळी पाणी घालू नये असं शास्त्र मी सांगत नाही. संध्याकाळी लोक थकून येतात आणि पाळी चुकते, एवढं माझं कारण आहे. पानं खालून धुवायची हेही सकाळीच, म्हणजे पानांचा रस शोषणारा लाल कोळी आटोक्यात राहतो. दुपारी दोननंतर पश्चिमेचं ऊन अडवायला जुन्या सुती साड्या बांधतो. शेडनेटचा भाव काढून झाला होता, पण चौदा घरांत मिळून बावीस साड्या निघाल्यावर प्रश्न मिटला. वळवाच्या वाऱ्यात त्या फाटतात, मागच्या वर्षी तर मांडवासकट आडव्या झाल्या. पुन्हा बांधल्या.

एक गोष्ट राहिली. साळुंक्या आणि बुलबुल काकडी टोचून टाकतात म्हणून जाळी बांधायची का, असा प्रश्न आला होता. आमच्यातल्या ७८ वर्षांच्या निवृत्त गुरुजींना बादली उचलवत नाही. त्यांनी स्वतःहून पाळी घेतली, पक्ष्यांच्या पाण्याची. चार परळ, म्हणजे मातीच्या पसरट थाळ्या, सकाळ-दुपार भरायचे. टोचलेल्या काकड्या पुरत्या थांबल्या नाहीत, पण निम्म्यावर आल्या. पक्ष्यांना काकडीपेक्षा तिच्यातलं पाणी हवं असावं. गुरुजींची रजा कधीच नसते. फळ्यावर त्यांचं नाव कायम स्पेअरमध्ये आहे.

आपल्या विभागाचे छायाचित्रकार दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये येऊन गेले होते. फोटो चांगला आला होता, पहिल्या पानावर, रंगीत. त्यात अक्का नव्हत्या, कारण पावसाळ्यात त्यांच्या पाळ्या कमी असतात. या वेळी मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवावे, ही विनंती. सात वाफे हिरवे असतील, पाच पानांनी झाकलेले असतील. सकाळी सहाच्या आत यावं लागेल, साडेसातनंतर तिथे गुरुजींखेरीज कोणी नसतं.

कळावे,
आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, सोलापूर